पावसाळ्यात मॉडेलवर चढणारा पांढुरका थर: आधी ओळखा, मग हात लावा

रात्री प्लास्टिकच्या विमानाच्या मॉडेलवर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वार्निशचा शेवटचा थर, मारून ते झाकून ठेवलं आणि सकाळी झाकण उचललं तर पंखांवर पिठूळ पांढरेपणा. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात मॉडेल बांधणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं, आणि दरवर्षी नव्याने येतं. मग ठरलेले सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं वरून अजून एक हात मार, कुणी म्हणतं थिनरने पूस, कुणी म्हणतं सगळा रंगच उतरव. हे तिन्ही उपाय कुठे ना कुठे बरोबर आहेत आणि या तिन्हींनी चांगली मॉडेलं वायाही गेलेली आहेत. कारण वरवर सारखा दिसणारा हा पांढरेपणा निदान पाच वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

किट, म्हणजे मॉडेल बांधायचा सुट्या भागांचा संच, नेहमीचं असेल तर एक वेळ चालून जातं. स्पिटफायरसारखं सगळीकडे मिळणारं लढाऊ विमान बिघडलं तर दुसरं मागवता येतं. पण आपल्यातले बरेच जण आडवाटेची किट्स जमवतात. स्पेशल हॉबी या कंपनीने १:७२ मध्ये, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, काढलेलं अजित घ्या. नॅट या ब्रिटिश विमानावरून एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) घडवलेलं हे लढाऊ विमान. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आराखडा केलेलं आणि १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं एचएएलचंच एचएफ-२४ मारुत तर एकूण १४७ च बनलं; त्याचं किट हाती लागणं हाच योग. अशी किट्स थोडक्या संख्येने निघतात आणि संपली की संपली. सुटे भाग मिळत नाहीत, जादा डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं आणि अंक, मिळत नाहीत. अजितच्या मॉडेलचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ९.३ सेंटिमीटर भरतात. एवढ्याशा जागेवर रंग उतरवायला बसलात तर पॅनल रेषांसकट (पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) सगळं जातं.

त्यातून थोडक्या उत्पादनाच्या किटमध्ये हा त्रास जास्त होतो. त्यांचे साचे कमी दाबाचे असतात, भाग एकमेकांत बसवायला खुंट्या नसतात, पायलटची सीट किंवा चाकांचे कप्पे रेझिनचे असतात, बारीक तुकडे पितळी पत्र्याचे. प्लास्टिकचा सिमेंट रेझिनला आणि पितळेला धरत नाही, म्हणून सुपरग्लू लागतो. भेगा जास्त, म्हणून पुट्टी जास्त, घासणं जास्त, रंगाचे हात जास्त. पांढरेपणाला शिरायला वाटाही तितक्याच जास्त.

पहिलं काम: थांबायचं

पांढरेपणा दिसला की काहीही न करता मॉडेल कोरड्या जागी ठेवा. वार्निश पाण्यावर आधारित असेल तर ते ओलं असताना मुळातच दुधाळ असतं आणि वाळताना पारदर्शक होतं. ऑगस्टच्या दमट हवेत हे वाळणं फार लांबतं, विशेषतः पंख जिथे धडाला मिळतात त्या खोबणीत साठलेला थर. दोन-तीन दिवसांत पांढरेपणा आपोआप कमी होत असेल तर तुमचं काम झालं.

कमी झाला नाही, तर एक साधी चाचणी करा. मऊ ब्रशने पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि टेबललॅम्पच्या उजेडात तिरक्या नजरेने बघा. थेंबाखालचा रंग पूर्ववत गडद दिसला आणि पाणी वाळल्यावर पुन्हा पांढरा झाला, तर दोष पृष्ठभागावर आहे: थर खरखरीत झालाय आणि उजेड विखुरतोय. थेंबाखालीही पांढरं तसंच राहिलं, तर दोष थराच्या आत किंवा थराच्या खाली आहे. त्यानंतर पांढरेपणाची जागा बघा. सगळ्या अंगावर आहे, की फक्त चिन्हांच्या कडेने, की कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) आतून, की गोल कड्यांसारखा? एवढं पाहिलंत की रोग बहुधा हाती लागतो.

हवेतलं पाणी थरात अडकलं असेल तर

पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. लॅकर, म्हणजे थिनरवर आधारित वार्निश, मारलं की त्यातलं द्रावण भराभर उडतं, उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं, आणि तो भाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड पडतो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसं हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर येऊन बसतं. थर वरून आवळला जातो, पाण्याचे सूक्ष्म थेंब आत अडकतात, पुढे उडून जातात आणि मागे पोकळ्या ठेवतात. त्या पोकळ्या म्हणजेच तो पांढरा रंग. काळ्या, गडद हिरव्या आणि चंदेरी रंगावर तो लगेच डोळ्यांत भरतो. फिक्या करड्यावर असूनही कळत नाही.

यातलं गणित कळलं तर निम्मं काम होतं. खोलीत २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं ते, साधारण २२ अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की पाणी सुटायला सुरुवात. लॅकर उडताना एवढी थंडी सहज निर्माण करतं. हिवाळ्यात त्याच २५ अंशांना आर्द्रता ४० टक्के असली तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास जातो. इतकी थंडी त्या पातळ थराने निर्माण होत नाही. म्हणून जानेवारीत कसंही मारलेलं लॅकर स्वच्छ निघतं आणि तीच बाटली, तोच हात जुलैत दगा देतो. दोष बाटलीचा किंवा कंपनीचा मानून नवं वार्निश मागवणाऱ्यांनी आधी हवा मोजावी.

हवा मोजायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, मिळतो तो छोटा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो. हवामान खात्याचे शिवाजीनगरचे आकडे बाहेरच्या हवेचा अंदाज देतात, पण मॉडेल तुमच्या खोलीत आहे, आणि पावसाळ्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खोल्यांतून दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असतात. एका धुण्यातलं पाणी त्याच हवेत जातं. आधी ते कपडे दुसऱ्या खोलीत न्या. मापकावर ६० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बिनधास्त मारा, ६० ते ७० मध्ये पातळ हात आणि सावकाश सुकणारं थिनर, त्याच्या वर असेल तर त्या दिवशी लॅकरची बाटली उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी घासणं, पुट्टी, कॉकपिटचं ब्रशने रंगवणं अशी कामं काढावीत. पावसाने उघडीप दिली तर दुपारी दोन ते चारच्या सुमाराला आर्द्रता सहसा सर्वांत कमी असते. रात्री जेवणं उरकून निवांत बसून मारायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे, आणि पावसाळ्यात तीच वेळ सगळ्यात वाईट. घरात एसी असेल तर मारण्याआधी अर्धा-पाऊण तास ड्राय मोडवर चालवा. खोलीतलं पाणी नळीवाटे बाहेर पडताना दिसेल.

एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन, वापरत असाल तर कॉम्प्रेसरजवळ आणि नळीच्या शेवटी, दोन्हीकडे पाणी अडवणारा फिल्टर हवा. दाबलेली हवा नळीतून जाताना थंड होते आणि पाणी नळीत साठतं. पहिल्या फिल्टरच्या पुढे तयार झालेलं पाणी पहिला फिल्टर अडवू शकत नाही. स्प्रे कॅनचं दुखणं वेगळं. दाबून धरला की डबा हाताला गार लागतो, ती थंडी रंगातही उतरते. मारण्याआधी डबा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करावा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल असं. उकळतं पाणी किंवा गॅसजवळ डबा नेणं जिवावर बेतू शकतं.

आता झालेलं कसं निस्तरायचं? पांढरेपणा थराच्या आत असला तरी तो थर पुन्हा किंचित विरघळला की पोकळ्या बुजतात. त्यासाठी रिटार्डर असलेलं, म्हणजे सावकाश उडणारं थिनर घ्यायचं. मिस्टर हॉबीचं लेव्हलिंग थिनर यासाठी उत्तम. कोरड्या दिवशी, कमी दाबावर, हातभर अंतरावरून नुसत्या थिनरचा धुक्यासारखा हात फिरवा. पृष्ठभाग ओलसर चमकला की लगेच थांबा. पांढरेपणा डोळ्यांदेखत विरत जातो, आणि ते बघताना जीव भांड्यात पडतो. एका हातात नाही गेला तर वाळू द्या आणि पुन्हा करा. एकदाच भरपूर मारलंत तर रंग ओघळेल. डिकॅल आधीच चिकटवलेले असतील तर नुसतं थिनर मारू नका, ते डिकॅल सुरकुतवतं. अशा वेळी ग्लॉस क्लिअरमध्ये (चमकदार पारदर्शक वार्निशमध्ये) तेच थिनर जास्त प्रमाणात मिसळून अगदी पातळ हात मारावेत आणि प्रत्येक हातानंतर पुरतं वाळू द्यावं.

वाळवायला मी लाकडी खोका आणि त्यात १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब ही व्यवस्था सुचवेन. आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, बल्ब मॉडेलपासून दूर ठेवा. ताजं मारलेलं मॉडेल लगेच आत ठेवू नये. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब एकत्र येता कामा नये. वास पुरता गेल्यावरच आत. आणि खोका थर्माकोलचा नको: थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, थिनरच्या वाफेने तो वितळतो.

मॅट वार्निश फुटलं असेल तर

पाण्याच्या थेंबाखाली पांढरं नाहीसं होत असेल आणि वार्निश मॅट असेल तर कारण बहुतेक वेळा मॅट करणारी पूड. मॅट वार्निशमध्ये सिलिकासारखी अतिशय बारीक पूड असते, तीच पृष्ठभाग खडबडीत करून चमक मारते. बाटली तळापासून नीट ढवळली नाही, तर सुरुवातीला पातळ द्रव आणि शेवटी पुडीचा गाळ येतो. जाड हात मारला तरी खोबणीत पूड साठते. नुसतं हलवून भागत नाही. काडीने तळ खरवडून ढवळा, मग हलवा. उपाय सोपा आहे: वरून ग्लॉसचा पातळ हात. खडबडीतपणा भरला की खालचा रंग परत येतो. तो पक्का वाळू द्या आणि मग कोरड्या दिवशी मॅटचे दोन अगदी हलके हात. याच कारणामुळे पांढरं दिसलं की वरून पुन्हा मॅट मारा हा सल्ला मला मान्य नाही. पूड आणखी वाढते, दुसरं काही होत नाही.

उन्हाळ्यात याचा भाऊबंद भेटतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात रंग मॉडेलवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि धुळीसारखा बसतो. बोटाला खरखर लागते. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकं घासलं की जातो.

फक्त चिन्हांभोवती चंदेरी झाक असेल तर

केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्राभोवती किंवा अंकांच्या मधल्या पारदर्शक भागात चमकती, धुरकट झाक दिसते, थेंब ठेवूनही जात नाही, आणि मॉडेल फिरवलं की कमी-जास्त होते. ही डिकॅलखाली अडकलेली हवा. खाली मॅट रंग असला की त्याच्या खाचांवर डिकॅलचा पडदा पुलासारखा टेकतो आणि मधे हवा राहते. इथे थिनर मारलंत तर डिकॅल गेलाच.

नव्या सुईने त्या भागात अगदी जवळजवळ भोकं पाडा, वरून डिकॅल मऊ करणारं द्रावण ब्रशने लावा, मायक्रो सोल किंवा मार्क सॉफ्टर, आणि हात न लावता वाळू द्या. द्रावण भोकांतून आत उतरतं, पडदा खाली बसतो. लावल्यावर डिकॅल सुरकुततो, ते बघून घाबरू नका आणि बोटाने दाबायला जाऊ नका. वाळताना तो सपाट होतो. दोन-तीनदा करावं लागतं. पुढच्या वेळी मात्र डिकॅलआधी ग्लॉसचा हात चुकवू नका.

जुन्या किटमध्ये गोष्ट आणखी नाजूक. फ्रॉग या इंग्लिश कंपनीचे साचे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघात गेले आणि तीच किट्स नोव्हो नावाने बाहेर पडली. संग्राहकांना ती फार प्रिय, पण त्यांतले डिकॅल आता चाळिशी उलटून गेलेले. पिवळे पडतात, पाण्यात टाकताच तुकडे होतात. पिवळेपणा घालवायला डिकॅलचं पान झिप पिशवीत बंद करून मे महिन्यात उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांत पडदा बराच उजळतो. तुटू नयेत म्हणून संपूर्ण पानावर क्लिअर लॅकरचा हात मारून मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्या. आधी न लागणारं एखादं चिन्ह पाण्यात टाकून बघा, हे सांगायलाच नको.

कॅनोपीच्या आतून धुकं

हे सुपरग्लूचं काम. फेविक्विकसारख्या कुठल्याही सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढऱ्या पुडीच्या रूपाने जवळच्या पृष्ठभागावर बसते, आणि बोटाचा तेलकट ठसा असेल तिथे आधी. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वस्तूवरचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. कॅनोपीत तुमच्याच बोटाची वळणं पांढरी उमटलेली दिसली तर निदानाबद्दल शंका उरत नाही.

रेझिनची सीट बसवली, वरून लगेच कॅनोपी लावली, वाफ आतच कोंडली. अजितची कॅनोपी दोन-अडीच सेंटिमीटरची; तेवढ्या बंद जागेत एक थेंब जास्त झाला तरी पुरतो. म्हणून रेझिनचे भाग बसवल्यावर कॉकपिट एक दिवस उघडं ठेवा, आणि पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू आणूच नका. कॅनोपीला फेविकॉलसारखा पांढरा गोंद: वाळल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या काडीने सुटतो. रेझिनसाठी ॲराल्डाइट वापरलं तर वाफेचा प्रश्नच येत नाही, फक्त धीर लागतो.

धुकं हलकं असेल तर ओल्या इअरबडने घासून निघतं. न निघाल्यास ३००० नंबरचा पेपर पाण्यात, मग पांढरी टूथपेस्ट मऊ कापडावर, आणि शेवटी पाण्यावर आधारित ग्लॉसमध्ये कॅनोपी बुडवून उभी वाळत ठेवणं. नेलपॉलिश काढायचं द्रावण सुपरग्लू विरघळवतं हे खरं, पण ॲसिटोन पॉलिस्टायरीनही विरघळवतो. कॅनोपी कायमची आंधळी होईल.

गोल कडी उमटत असतील तर

या प्रकाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. डिकॅल लावून झाल्यावर पाणी सुकलं की पांढरी कडी, ओघळांच्या रेषा. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी मृदू आहे, त्याने सहसा असं होत नाही. पण वाघोली किंवा बावधनच्या पुढे जिथे बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं, तिथलं पाणी जड असतं आणि त्यातले क्षार मॉडेलवर राहतात. वाघोलीतल्या एका मित्राच्या मॉडेलांवर वर्षभर असे डाग येत होते आणि तो बिचारा वार्निशं बदलत होता. पाण्याचा वाडगा बदलताच डाग थांबले. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजजवळच्या कुठल्याही दुकानात मिळतं, एक बाटली किती तरी मॉडेलांना पुरते. पडलेल्या डागांवर पाणी मिसळलेलं व्हिनेगर इअरबडने लावा, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसा. हे सगळं वरचा क्लिअर कोट मारण्याआधी. नंतर डाग थराखाली जातात आणि निघत नाहीत.

एकाच मॉडेलवर दोन प्रकार एकत्र आले तर आधी डिकॅलखालची हवा काढा, मग क्षारांचे डाग, मग थरातलं पाणी, आणि मॅट सगळ्यात शेवटी. रंग उतरवण्याची वेळ या पाचांपैकी कशातही क्वचितच येते. आलीच, तर आधी डिकॅलच्या पानाचा तुमच्याकडे स्कॅन आहे का ते बघा. किट हातात आल्या दिवशीच पान स्कॅन करून ठेवावं, आणि न बांधलेल्या किटमधले डिकॅल माळ्यावरच्या खोक्यात न ठेवता सिलिका जेलच्या पुडीसह वेगळ्या झिप पिशवीत, सपाट, कपाटात ठेवावेत. दमट माळ्यावर एक पावसाळा गेला की डिकॅलचा गोंद वरच्या पातळ कागदाला चिकटतो, आणि तो कागद ओढून काढताना अंकांचे तुकडे त्याच्याबरोबर येतात.